शिवनेरीवरची शिंदळ माकुडी: साखळीच्या वाटेने जाऊ नका

आधी मुद्द्याचं सांगतो. शिंदळ माकुडी, म्हणजे कड्यांवर उगवणारं एक दुर्मिळ फुलझाड, बघायला शिवनेरीला जाणार असाल तर साखळी धरून कातळ चढायच्या वाटेने चढायची काही एक गरज नाही. "ते फूल फक्त तिकडूनच दिसतं" असं जो सांगेल त्याला एक रुपया देऊ नका. आणि सप्टेंबर संपत आल्याशिवाय जाऊच नका. आम्हाला यातलं कुणीही धड सांगितलं नव्हतं, उलट सगळं उलटंच सांगितलं होतं, म्हणून लिहितोय. तुम्हाला ट्रेकची सवय आहे, चांगल्या ग्रिपचे बूट आहेत, पावसात चार तास चालता येतं असं धरून चाललोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिंदळ माकुडीचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. हे नाव दिलं निकोल डाल्झेलने. माणूस एडिनबराचा, जन्म १८१७ चा, १८४१ साली मुंबईला आला आणि कस्टम्स खात्यात नोकरीला लागला. झाडांचा नाद मात्र असा की नोकरी सांभाळून कोकण, घाट, कारवार पालथं घातलं आणि नव्या नव्या जाती छापत राहिला. मग अलेक्झांडर गिब्सनबरोबर १८६१ ला 'बॉम्बे फ्लोरा' हे इथल्या झाडांचं पुस्तक काढलं. गिब्सन म्हणजे मुंबई इलाख्याचा पहिला जंगल कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जंगलांचा मुख्य अधिकारी, पेशाने डॉक्टर, दापोडीची सरकारी बाग सांभाळायचा, आणि त्याची औषधी झाडांची बाग होती जुन्नरजवळ हिवऱ्याला. गिब्सननंतर डाल्झेल कॉन्झर्व्हेटर झाला आणि त्याच दशकात जुन्नरकडच्या डोंगरातलं हे झाड त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीच्या (निसर्गाचा अभ्यास करणारी संस्था) जर्नलमध्ये जाहीर केलं, नवीन प्रजातच नव्हे तर नवीन वंश म्हणून. नाव दिलं तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. मला स्वतःला हे खटकतं. जुन्नरच्या कड्यावरचं झाड, त्याला जुन्नरचं नाव शोभलं असतं. पण डाल्झेलबद्दल आदर आहे तो आहेच. १८६३ मध्ये त्याने जंगलं तोडल्याने पाणी-पावसावर काय परिणाम होतो यावर सरकारला रिपोर्ट दिला होता, म्हणजे नुसती वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून ठेवणारा माणूस नव्हता.

आता ट्रिप. पुण्याहून नाशिक रोडने नारायणगाव आणि तिथून डावीकडे जुन्नर, सगळे मिळून साधारण ९५ किलोमीटर. एसटी भरपूर आहेत. नारायणगावला उतरलात तर जुन्नर पंधराएक किलोमीटर आहे, शेअर जीप मिळते, ती भरेपर्यंत थांबा. आम्हाला "आता जीप भरणार नाही, स्पेशल करा" म्हणून आठशे मागितले आणि आम्ही चहा घेत उभे होतो तेवढ्यात तीच जीप भरून निघाली. त्यामुळे घाई दाखवायची नाही.

जुन्नरला पोचल्यावर एकाने स्वतःहून ओळख काढली. आम्ही कॅमेरे आणि दुर्बीण घेऊन उतरलेले, त्यामुळे कशाला आलोय ते त्याला लगेच कळलं. "दुर्मिळ फूल ना, दाखवतो, पण पायऱ्यांच्या वाटेवर नाही, साखळीकडे आहे." पाचशे रुपये ठरले. वर जाऊन काम झाल्यावर ते पाचशे माणशी निघाले. आम्ही चौघं, म्हणजे दोन हजार! भांडण केलं, थोडे कमी झाले, पण मूड गेला तो गेलाच. पैसे माणशी की सगळ्यांचे मिळून, हे खालीच, चारचौघांसमोर, स्पष्ट बोलून घ्या.

आणि ती वाट. किल्ल्याच्या कड्याच्या बाजूला एका मंदिराजवळून पायवाट निघते, ती सरळ कातळाला भिडते आणि तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि आधाराला साखळी. कोरड्या दिवसात, उन्हाळ्याच्या आधी, सवयीच्या माणसाला ही वाट पाऊण तासाची आहे आणि मजा येते हे मला मान्य. पण पाऊस संपता संपता कड्यातून पाणी झिरपत असतं, पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, साखळी ओली आणि थंडगार, आणि पायऱ्या झिजून बाहेरच्या बाजूला उतरत्या झालेल्या, म्हणजे पाय ठेवला की तो आपोआप दरीकडे सरकतो. हाताने साखळी धरली की दुसऱ्या हातात दुर्बीण, कॅमेरा काही धरता येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी आलोय तेच करता येत नाही. पाठीवरची सॅक कातळाला घासून आपल्याला बाहेर ढकलते. आमच्यातल्या एकाचा पाय सुटला, साखळीवर लटकला, गुडघा आणि कोपर सोलून निघालं, नशिबाने तेवढ्यावर भागलं. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. खाली जायचं म्हणावं तर उतरणं चढण्यापेक्षा वाईट, त्यामुळे वरच जावं लागलं. अजून लिहिताना तळहाताला घाम येतोय. सप्टेंबरपर्यंत ही वाट बंदच आहे असं समजा. कुणी कितीही म्हणो "काही होत नाही, पोरं पळत जातात," ती पोरं तिथली आहेत, त्यांना प्रत्येक पायरी पाठ आहे.

बरं, एवढं करून वर काय दाखवलं, तर माकडशिंग! हे ज्यांना जायचंय त्यांनी नीट वाचा कारण की हाच सगळ्यात मोठा घोटाळा आहे. माकडशिंग हे त्याच कुळातलं, कॅरॅलुमा, चौकोनी कडा असलेल्या हिरव्या उभ्या कांड्या, पानं जवळजवळ नाहीतच, बऱ्याच कोरड्या माळांवर मिळतं. शिंदळ माकुडीला पावसाळ्यात चांगली जाडसर, रसाळ, लांबट पानं असतात, फांद्या गोलसर आणि लोळणाऱ्या, कड्यावरून खाली लोंबणाऱ्या. त्या गटात पानं धरणारं असं झाड म्हणजे हेच, आणि ओळखायची खूणही हीच. उन्हाळ्यात पानं गळतात आणि मग नुसत्या करड्या काड्या उरतात, तेव्हा शेजारून गेलात तरी कळणार नाही. फूल चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं, गडद मरून, त्यावर पिवळे ठिपके, आणि आकाराने जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर. जवळून हलका कुजका वास येतो कारण परागीभवन माश्यांकडून होतं. आम्ही त्या माणसाला म्हणालो, दादा याला पान कुठंय, तर म्हणे "पान नंतर येतं." पाऊस संपत आला तरी नंतर म्हणजे कधी?

व्हिडिओंनी पण फसवलं. सगळीकडे "ऑगस्टमध्ये कडा फुलांनी भरतो" असं. ऑगस्टमध्ये शिवनेरीवर धुकं इतकं असतं की पुढचा दरवाजा दिसत नाही, कडा कुठून दिसणार. फुलं ऑगस्टपासून येतात हे खरं, पण ती बघायची वेळ म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, धुकं उठलेलं आणि झाडाला पानं-फुलं दोन्ही.

दुसऱ्या दिवशी नाणेघाटला गेलो, छान झालं, सोपं आहे, गाडी वरपर्यंत जाते. पठारावर स्मिथियाची पिवळी फुलं आणि पंदाचे छत्रीसारखे पांढरे फुलांचे गुच्छ होते. पंदाचं पहिलं शास्त्रीय वर्णन डाल्झेलनेच केलेलं, कोकणाच्या नावाने, हेराक्लियम कोंकनेन्स म्हणून. आता वंश बदलून पिंडा कोंकनेन्सिस झालाय. तेरड्यांमधली इम्पेशन्स पुल्चेरिमा, कासला वगैरे सगळे फोटो काढतात ती निळसर-पांढरी कीटकभक्षी युट्रिक्युलारिया अल्बोसेरुलिया, स्मिथिया सेट्युलोसा, ही सगळी नावं त्यानेच दिलेली. पावसाळ्यात घाटावर फिरलात म्हणजे या माणसाच्या झाडांमधूनच फिरताय, बहुतेकांना माहीत नसतं एवढंच.

तिसऱ्या दिवशी परत शिवनेरी, या वेळी सरळ पायऱ्यांनी, सात दरवाजांच्या वाटेने, कुणालाही बरोबर न घेता. आणि सापडलं! घाई न करता कड्याच्या भेगा एकेक करून दुर्बिणीने बघत गेलो, ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) पुरते, मोबाईलच्या झूमवर विसंबू नका. जिथे गवत उगवत नाही, शेळी पोचत नाही आणि पाणी साचत नाही अशा उभ्या कातळाच्या फटीत ते असतं. लोंबणारी रसाळ पानं दिसली आणि मग एक, दोन, असं करत फुलं दिसायला लागली, हातातली दुर्बीण थरथरत होती इतका आनंद झाला. इतका वेळ फक्त चित्रात बघितलेलं झाड, डाल्झेलने सांगितलं होतं त्याच मुलखात, अजून उभं आहे. बरोबरच्या मित्राचा गुडघा सुजलेला, तो पायरीवर बसून बघत होता, त्यालाही दिसलं, म्हणजे बघा साखळीची किती गरज होती.

नक्की कुठल्या दरवाजाजवळ ते लिहिणार नाही, मेसेज करून विचारू नका. हे झाड फक्त महाराष्ट्रात, मोजक्या डोंगरांवर आहे. पुरंदर-वज्रगडाकडे, रंधा धबधब्याकडे अशा नोंदी आहेत. आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) एकेकाळी जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या १२ वनस्पतींत याचं नाव घेतलं होतं. शेळ्या खातात, गुराखी पोरं फांद्या कच्च्या खातात, उन्हाळ्यात गवताला वणवा लावला की जळतं, आणि आता वर आपण, फांदी तोडून कुंडीत लावणारे. फांदीवरून ते लागतं हे खरं आहे, म्हणूनच चोरी होते. किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथली काडीसुद्धा तोडायची नाही. नाव १९५८ मध्ये कॅरॅलुमा फ्रेराय केलं गेलं, नंतर बौसेरोशिया फ्रेराय, पण आपल्याकडे अजून फ्रेरियाच चालतं, त्यामुळे पुस्तकात शोधताना तिन्ही नावं बघा, नाहीतर सापडलं नाही म्हणून बसाल.

बाकी किरकोळ. सकाळी सातच्या आत चढायला लागा, उन्हाआधी कड्यावरचा प्रकाश सपाट असतो, सावल्या नसल्याने भेगा दिसतात. पण अंधारात उसाच्या कडेने चालत जाऊ नका, जुन्नर तालुक्यात बिबटे आहेत आणि ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. कड्याला आग्यामोहोळं असतात, परफ्यूम नको, धूर नको, दगड मारणं तर सोडाच, मोहोळ दिसलं तर त्या टप्प्यात थांबू नका. पाणी माणशी दोन लिटर, खालूनच घ्या. शिवाई देवीच्या देवळापर्यंत वयस्कर माणसं हळूहळू येऊ शकतात. जेवायला जुन्नरात मासवडी मिळाली तर सोडू नका, थकल्यावर तिच्यासारखं काही नाही.

ज्यांना चढणं जमणार नाही त्यांनी पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेच्या (वनस्पतींचा अभ्यास करणारं सरकारी खातं) बागेत चौकशी करावी, तिथे हे झाड जोपासलेलं आहे. कुंडीतलं बघणं आणि कड्यावरचं बघणं यात फरक आहेच, पण ओळख पक्की होते आणि मग किल्ल्यावर कुणी माकडशिंग दाखवून पैसे मागू शकत नाही. शक्य असेल तर शिवनेरीच्या आधीच जाऊन या. आणि फोटो टाकताना मोबाईलमधलं लोकेशन आधी बंद करा, मागे कड्याचा जो भाग ओळखू येतो तोही कापून टाका.