बुधवारच्या तीन बाटल्या: आंबट की तुरट?

आधी मागच्या नोंदीची दुरुस्ती. इटलीतल्या आब्रुझो प्रांताच्या वाइनच्या बाटलीवर ‘मोन्तेपुल्चानो’ लिहिलेलं असतं ते द्राक्षाचं नाव, आणि ‘विनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो’ मधलं ते तोस्काना या दुसऱ्या प्रांतातल्या गावाचं. त्या गावच्या वाइनमध्ये द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे. मी दोन्ही एकाच जातीच्या समजून शेजारी मांडल्या, आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक दिसल्यावर ‘पिकाचं साल वेगळं असेल’ असं ठोकून दिलं. ते पान खोडलंय.

या बुधवारी तीन इटालियन रेड वाइन: कियांती क्लासिको, बार्बेरा द’आस्ती, लांगे नेबियोलो. पहिली तोस्कानाची, दुसऱ्या दोन पिएमोन्ते प्रांताच्या. बारोलो, म्हणजे नेबियोलो द्राक्षाचीच बडी वाइन, आणायचा मोह होता, पण ती बाजारात येण्याआधीच किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि किंमतही तशीच. आठवड्याच्या मधल्या जेवणाला लांगे नेबियोलो बरी: द्राक्ष तेच, मुरवण्याची ती सक्ती नाही.

लेबल न बघता ओळखायच्या, म्हणून नवऱ्याने बाटल्यांवर मोजे चढवले (धुतलेले, विचारून घेतलं), आकडे चिकटवले आणि प्रत्येकी ६० मिली ओतली. पहिलाच घोट गरम लागला. नाकात नुसतं अल्कोहोल. स्वयंपाकघराच्या उबेत बाटल्या तापल्या होत्या, म्हणून तिन्ही वीस मिनिटं फ्रीजमध्ये. १६ ते १८ अंशांवर आल्यावर त्याच वाइन शहाण्यासारख्या वागायला लागल्या.

तीन नंबर ओळखायला चाखावीही लागली नाही. नेबियोलो रंगानेच चुगली करते. ग्लास तिरका धरला की कडेला विटकरी छटा, आणि मधूनही पलीकडची अक्षरं वाचता येतात. इतकी फिकी वाइन तोंडात मऊ असेल असं वाटतं, आणि मग ती हिरड्या धरते. वास मात्र सुकलेल्या गुलाबाचा. या वासासाठी मी तिला सगळं माफ करते.

गोची झाली एक आणि दोनमध्ये. दोन्हींत आंबट चेरी, दोन्ही रसरशीत. एक नंबर जास्त धारदार होती, दात आंबवणारी. मी वहीत लिहिलं: ‘१ कियांती, टॅनिन भरपूर.’ टॅनिन म्हणजे वाइनला तुरट करणारं द्रव्य. नवरा वाचून म्हणाला, ‘‘अगं, टॅनिन भरपूर, तर मग तोंडाला पाणी कशाला सुटतंय तुझ्या?’’

आणि इथे माझी वर्षभराची चूक सापडली. मी आंबटपणा आणि तुरटपणा एकाच खात्यात टाकत होते. आम्लाने लाळ सुटते. टॅनिन उलटं करतं: लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, मग जिभेवरचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल आतून खरखरीत लागतात, फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहासारखे. आता घोट गिळून जीभ टाळूवर फिरवते. सरकली तर आम्ल, अडकली तर टॅनिन. एक नंबरला जीभ सरळ सरकली. बार्बेराच ती, आम्ल चढं आणि टॅनिन कमी. मोजा काढला, तर बार्बेराच. दोन नंबरच्या गळ्यावर काळा कोंबडा, कियांती क्लासिकोची खूण.

मग जेवण. स्पगेटी, टोमॅटोचा सॉस, वर किसलेलं पार्मिजानो चीज. नुसती पिताना माझा क्रम होता नेबियोलो, कियांती, बार्बेरा. सॉसचा पहिला घास खाल्ला आणि क्रम उलटला. टोमॅटोच्या आंबटपणापुढे बार्बेराची धार बोथट झाली आणि दडलेलं फळ वर आलं. नुसती पिताना जी बोचत होती तीच घासागणिक हवीशी वाटू लागली. कियांती जवळपास तशीच राहिली. तिच्यात किमान ८० टक्के सांजोवेझे असतं, आणि सांजोवेझेला स्वतःचं आम्ल आहेच. नेबियोलो मात्र सॉसशी भांडली, कडवट झाली. नवऱ्याने चीजचा एक जाड तुकडा पुढे केला. तो चावून घोट घेतला तर हिरड्यांवरची पकड सुटली, कारण टॅनिनला धरायला चीजमधली प्रथिनं मिळाली. दोन घास असे खाल्ले, मग चीज संपलं आणि नेबियोलोला बूच लावलं.

गुरुवारी रात्री उरलेलं पाहिलं. बार्बेरा ढेपाळली होती, सॉसमध्ये गेली. नेबियोलो कालच्यापेक्षा सैल, गुलाब अजून जागेवर. कियांती उरलीच नव्हती. पुढच्या वेळी दोन बार्बेरा, एक स्टीलच्या टाकीतली आणि एक नव्या ओकच्या पिंपात ठेवलेली. लाकूडही टॅनिन देतं, तेव्हा जीभ टाळूवर फिरवायची युक्ती तिथे टिकते का ते बघायचंय. मोजे मात्र तेव्हा जाड लागतील. पातळ मोज्यातून लेबलचा कोपरा दिसत होता, असं नवऱ्याने आत्ता कबूल केलं.