टिकटॅक पिनचं पोस्टमॉर्टेम

काल भाचीची टिकटॅक पिन मोडली. मोडायची नव्हती हो, टोकाचं ते बारीक रिव्हेट काढून बघायचं होतं फक्त, पण माझ्या हातात पक्कड आली की काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीये.

झालं असं की ती सोफ्यावर बसून अर्धा तास टक् टक् टक् करत होती, आधी माझं डोकं उठलं आणि मग एकदम वाटलं, अरे पण हा पत्रा आवाज का करतो? साधी पट्टी वाकवली की वाकते, सोडली की परत येते, ही बया मात्र एकतर इकडे नाहीतर तिकडे, मधे थांबायचं नाव नाही.

रिव्हेट निघालं, पिनचे दोन पाय फाकले, पत्रा सपाट झाला आणि टक् गायब! कितीही दाबा, नुसता वाकतो. मग चिमटीत दोन्ही पाय परत जवळ ओढून धरले तर पत्र्याला पोक आलं आणि दाबल्यावर पुन्हा टक्. म्हणजे सगळी गंमत त्या जबरदस्तीत आहे, पाय एकत्र ठोकल्यावर पत्र्याला सपाट बसायला जागाच उरत नाही, मग तो या बाजूला फुगतो नाहीतर त्या.

याला बायस्टेबल म्हणतात, म्हणजे दोनच जागी स्थिर राहणारं. डोळ्यासमोर कात्रजचा घाट आणा. अलीकडे पुणं, पलीकडे खेड शिवापूर, मधे चढ. बंद पडलेली गाडी माथ्यापर्यंत ढकलत न्यायची, माथा ओलांडला की ढकलायचं राहू द्या, आवरता आवरत नाही. पिनचंही तेच, आधी जोर वाढवत न्यावा लागतो, मग पत्र्याचा विरोध अचानक ढासळतो आणि तो स्वतःच पळत सुटतो, साठलेली एनर्जी थरथरीत आणि आवाजात जाते. इंजिनिअरिंगवाले याला स्नॅप-थ्रू म्हणतात. फॉन मीझेस या गणितज्ञाने १९२३ मध्ये याचं अगदी साधं मॉडेल मांडलं होतं, बुटक्या छपरासारख्या दोन तिरक्या दांड्या आणि वरून टोक दाबायचं. दांड्या एका आडव्या रेषेत आल्या की सगळ्यात जास्त दबलेल्या असतात, तोच माथा.

आता जिकडेतिकडे हेच दिसतंय. पुण्याच्या झेड ब्रिजवर वाऱ्याने उलटलेली छत्री वारा थांबला तरी उलटीच राहते, आपणच ओढून सरळ करायची. इलेक्ट्रिक केटलमधे दोन धातूंची एक चकती असते, वाफ लागली की टक्कन उलटून स्विच बंद करते आणि जरा थंड झाली तरी लगेच परतत नाही, तिचा परतीचा पॉइंट बराच खाली असतो, नाहीतर स्विच नुसता फडफडत बसला असता.

भाचीला तुळशीबागेतून डझनभर पिना आणून दिल्यात. केटलला हात लावायचा नाही असं आईने आधीच सांगून ठेवलंय.