कोल्हापुरात पहिली जुनी फियाट: सहा महिन्यांची नोंद

जूनमध्ये शोध सुरू केला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी दारात आली. टेम्पोवरून आली, कारण इंजिन जाम होतं. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, 1986 ची, फिक्कट निळी. सध्या ती घरामागच्या शेडात चार स्टँडवर उभी आहे आणि तिच्या इंजिनाचा ब्लॉक उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, बोअरला (सिलिंडर आतून कापून मोठे करायला) गेलाय. कमी पैशात पहिली जुनी गाडी घेणाऱ्यांना ही सगळी उठाठेव उपयोगी पडेल, म्हणून लिहून ठेवतोय.

बजेट दोन लाख, गाडी आणि काम दोन्ही धरून. हा आकडा मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिला आणि त्याच्या खाली 'गाडीला जास्तीत जास्त 80,000' असं लिहिलं. उरलेले पैसे दुरुस्तीचे आणि कागदाचे. सगळे पैसे खरेदीत घालून बसलेल्यांच्या तीन गाड्या माझ्या ओळखीत अजून ताडपत्रीखाली आहेत.

आपल्याकडे जुन्या गाडीचं वेड लागायला दसरा पुरतो. दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, ती मी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलीय. पण जीव जडला तो मामांच्या फियाटवर. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग सीट, आणि जोतिबाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चाललेली ती गाडी.

तरी लगेच फियाटवर आलो नाही. यादीत आधी हेराल्ड होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून बनवलेली, इटलीच्या मिकेलोत्ती या डिझायनरने आखलेली ती दोन दारांची गाडी मला आजही सगळ्यांत देखणी वाटते. सगळं बॉनेट पुढे उलटतं, इंजिनाला दोन्ही बाजूंनी हात पोचतो. इचलकरंजीजवळ एक मिळाली, भावही आवाक्यात होता. पण हेराल्डला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) असते आणि बॉडीचे तुकडे तिच्यावर बोल्टांनी कसलेले असतात. खाली आडवा होऊन चासीच्या बाजूच्या हातांना स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. चासी शिवून घेता येते, पण त्यासाठी सगळी बॉडी उतरवायची, मग दारांच्या फटी पुन्हा जुळवायच्या, आणि एखादा पत्रा गेला असेल तर तसा दुसरा शोधत हिंडायचं. ते पहिल्या गाडीचं काम नव्हे. परत येताना फार वाईट वाटलं.

दुसरा पर्याय मारुतीचा होता, 1983 च्या डिसेंबरात आलेली पहिली एसएस 80. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बारा इंची चाकं. सुरुवातीच्या चांगल्या गाड्यांचा भाव आता शौकिनांनी वर नेलाय. नंतरची, 1986 पासूनच्या बॉडीची 800 मात्र स्वस्तात मिळते आणि अडून बसत नाही. ज्याला रविवारी फक्त चालवायचीय, त्याने तीच घ्यावी, हे मी मनापासून सांगतो. मला हात काळे करायचे होते.

मग पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियरने फियाट 1100 हीच गाडी नावं बदलत कितीतरी वर्षं काढली. 1974 पासून ती पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचं. मुंबईच्या टॅक्सीने ही गाडी देशभरच्या मिस्त्र्यांच्या हातात बसवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, पण इतकी वर्षं हजारोंनी धावल्यामुळे पार्ट अजून निघतात.

पहिली पद्मिनी शहरातच पाहिली. लाल, नवा रंग, चकाचक क्रोम, मागणी 1,60,000. गाडीसाठी ठरवलेल्या 80,000 च्या दुप्पट, पण पाहायला काय जातं! सेल्फ मारला की सुरू झाली, आवाजही गोड होता. सोबत माझे मिस्त्री मामा होते. त्यांनी खिशातून चुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवलं. चुंबक चिकटलंच नाही. तिथे पत्रा नव्हता, लांबी (रंगाआधी लावतात ती पुट्टी) भरली होती. मग मागची सीट उचलली. खालच्या खाचेत बारीक, गुळगुळीत, वाळलेली माती. हेडलाइटच्या आतल्या वाटीतही तीच माती आणि वायरींची टोकं हिरवी पडलेली. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी पाहिलेल्या माणसाला ही माती ओळखायला वेळ लागत नाही. विकणारा म्हणाला, गाडी कधी पाण्यात गेलीच नाही. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

रस्त्यात मामा म्हणाले, "इंजिन मी टेबलावर घेऊन बसतो रं. पत्रा कुजला की तू बसतोस, डोक्याला हात लावून."

माझी सगळी निवड या वाक्यावर झाली. पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. फरशी, दाराखालच्या पोकळ कडा, मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे हँगर आणि स्टेपनीखालचा खळगा गेला की गाडीचं बळच जातं, आणि ते टिंकरिंग (पत्र्याचं काम) महिनोन्‌महिने चालतं. इंजिनाचं तसं नाही. ज्या गावात ओतकामापासून लेथपर्यंत सगळं एका हाकेवर आहे, तिथे जाम इंजिनाला घाबरायचं कारण नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाने कदाचित उलटा हिशोब करावा. कोल्हापूरकराने बंद पडलेली पण कोरडी गाडी शोधावी.

तशी गडहिंग्लजकडे सापडली. शेतातल्या घराच्या सोप्याला लागून शेड, त्यात 2011 पासून उभी. रंग उडालेला, सीट उंदरांनी खाल्लेली, टायर जमिनीला टेकलेले. पण चुंबक सगळीकडे चिकटलं. फरशीला टोचलं तर टणक आवाज आला; फक्त ड्रायव्हरच्या पायाखाली हाताच्या तळव्याएवढा तुकडा गेलाय. 70,000 ला ठरली.

कागदांनी खरा घाम काढला. आरसी बुक हाताने लिहिलेलं, एमएच 09 येण्याआधीच्या नंबरचं आणि वारलेल्या वडिलांच्या नावावर. पैसे देण्याआधी दोन्ही मुलांची आणि आईची संमती, मृत्यूचा दाखला आणि चासी नंबरचा पेन्सिलीने घेतलेला ठसा, एवढं जमवलं. नोंद संगणकावर चढलेली नव्हती, ती आधी चढवून घ्यावी लागली. पुढे आधी वारसाच्या नावावर चढवायला फॉर्म 31, मग माझ्या नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, नूतनीकरणाला फॉर्म 25. वीस वर्षांपुढच्या कारची नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झालीय. हरित कर आणि नव्या सुरक्षा नंबरप्लेटचा खर्च वेगळा. हे बजेटमध्ये आधीच धरा.

काहींनी सुचवलं होतं की 50 वर्षांपुढचीच गाडी घे आणि व्हिंटेज म्हणून नोंदव. त्या नोंदणीला 20,000 लागतात, ती दहा वर्षं चालते आणि व्हीए मालिकेतला नंबर मिळतो. पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशाच कारणांना निघते. मला आईला अंबाबाईला न्यायचंय आणि पावसात पन्हाळ्याला जायचंय. म्हणून तो विचार सोडला.

आता इंजिन. प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि गिअरचं तेल ओतलं आणि आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी क्रँकच्या नटाला पाना लावून आधी उलट, मग सुलट, केसभर हलवत गेलो. अर्ध्या तासाने पिस्टन सुटले. त्या आवाजाने मी शेडात एकटाच ओरडलो! हेड काढलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीला गंजाचं कडं. उद्यमनगरात मापून घेतलं आणि 0.4 मिलिमीटर ओव्हरसाईज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे, पिस्टन ठरले. आधी पिस्टन हातात घ्या, मगच बोअर करा. लेथवाल्यांनी हे बजावून सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. पिस्टन मुंबईहून यायला तीन आठवडे गेले.

पेट्रोलकडेही बघायला हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं, त्यात आपल्याच जिल्ह्याच्या उसाचा वाटा आहे. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि ओल धरतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा सगळा पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घेतले. टाकी उतरवून आतून धुतली, तेव्हा मूठभर गंज निघाला.

आजपर्यंतचा खर्च, गाडी, टेम्पो आणि कागद धरून, 1,24,000. पुढचं काम ब्रेकचं. चारही चाकांना ड्रम आहेत, व्हील सिलिंडर सगळे अडकलेत, मास्टर सिलिंडर गळतोय. ब्लॉक शनिवारी मिळणार आहे. तो बसवण्याआधी ब्रेक पुरे करणार, कारण इंजिन सुरू झालं की मला गाडी शेडात ठेववणार नाही.