एकाच दिवशी दोनदा सीपीआर

सकाळचा राऊंड चालू असताना आयसीयूत एका मॉनिटरचा अलार्म वाजला. आदल्या रात्री हार्ट अटॅकने दाखल झालेले पन्नाशीचे गृहस्थ सिस्टरांशी बोलता बोलता गप्प झाले होते. स्क्रीनवर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. म्हणजे हृदय नुसतं थरथरतंय, रक्त पुढे ढकलत नाही. सिस्टरांनी तत्क्षणी सीपीआर, म्हणजे हृदय चालू ठेवण्यासाठी छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, मी विजेचा शॉक दिला, पुन्हा दोन मिनिटं दाब. नाडी लागली. थोड्या वेळाने ते डोळे उघडून विचारायला लागले, "काय झालं मला?"

दाराच्या काचेतून हे सगळं वॉर्डातल्या एका आजींच्या मुलाने पाहिलं. आईला आयसीयूत हलवा, हे सांगायला तो आला होता. आजींचा कॅन्सर यकृतात पसरला होता, किडन्याही बंद पडत आल्या होत्या.

दुपारी मी त्याच्याशी बोलायला बसलो. तो म्हणाला, "डॉक्टर, त्यांना परत आणलंत ना? मग माझ्या आईसाठीही करा."

त्याचं चुकलं असं मला मुळीच वाटत नाही. डोळ्यांदेखत माणूस उठून बसलेला पाहिल्यावर दुसरं काय मागणार? पण सीपीआर तोच असला तरी पेशंट तोच नसतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या मोठ्या नोंदीत, दाखल असताना हृदय थांबलेल्या शंभरांपैकी 2000 साली सुमारे 14 जण जिवंत घरी गेले, 2009 मध्ये सुमारे 22. त्यात सकाळच्यासारखे, मॉनिटरवर असताना लगेच शॉक मिळालेले पेशंट बरेच पुढे असतात. आजारानेच शरीर संपत आलेलं असतं तिथे आशा फार थोडी. हे त्याला आकड्यांत सांगितलं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2020 ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगितली: सीपीआर न करण्याचं ठरलं तरी बाकीचे उपचार, वेदनाशामक, काहीही थांबत नाही.

"ताई नागपूरहून निघाली आहे, तिला विचारतो," तो म्हणाला. मग हळूच, "आईला यातलं काही माहीत नाही. आम्ही कॅन्सरचं सांगितलंच नाही तिला."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. दाखल झाल्या तेव्हा आजी चांगल्या बोलत होत्या. आपल्याकडे मायेपोटी आजार लपवतात आणि ज्याच्या छातीवर दाब पडणार, तोच माणूस निर्णयातून वगळला जातो. त्या बोलू शकत होत्या तेव्हाच त्यांना विचारायला हवं होतं.

संध्याकाळी, ताई वाटेत असतानाच, आजींचं हृदय थांबलं. निर्णय झालेला नव्हता, म्हणून सीपीआर सुरू केला. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच सेंटिमीटर खोल. त्या वयात बरगड्या मोडतात. हाताला ते कळतं. दर तीन-चार मिनिटांनी ॲड्रेनालिन, हृदयाला चालना देणारं इंजेक्शन. मॉनिटरवरची रेघ सरळच राहिली, शॉकचा उपयोगच नव्हता. वीसेक मिनिटांनी मुलगाच म्हणाला, "पुरे, डॉक्टर."

रात्री मुलगी पोचली. "तिला त्रास झाला का?" एवढंच तिने विचारलं. हृदय थांबताक्षणी त्या बेशुद्ध झाल्या, दाब देताना त्यांना काही जाणवलं असेल असं मला वाटत नाही, असं मी सांगितलं. बरगड्यांचंही सांगितलं. मग ती भावाला म्हणाली, "आपण आईला विचारायला हवं होतं रे." आम्ही तिघंही बराच वेळ त्यावरच बोलत राहिलो.