ओळी वाचणारा इटरेटर: साइझ १, कपॅसिटी ७

मागच्या वेळी सी++ मध्ये फाइलीतून ओळ-ओळ देणारा इटरेटर (एकेक घटक क्रमाने हाती देणारी वस्तू) ‘झाला’ असं लिहून मोकळा झालो होतो. नव्हता झाला. सात ओळींची फाइल, सुरुवात-शेवट दाखवणारी इटरेटरची जोडी व्हेक्टरच्या (वाढत जाणाऱ्या यादीच्या) कन्स्ट्रक्टरला, म्हणजे तो बनवणाऱ्या फंक्शनला, दिली, हाती आली एकच ओळ. साइझ (आत असलेल्या ओळी) १, कपॅसिटी (घेतलेल्या जागा) ७.

तो ७ दिसला नसता तर फाइल वाचण्यातच चूक शोधत बसलो असतो. सात जागा घेतल्या, म्हणजे आधी कुणीतरी ओळी मोजल्या होत्या. आणि मोजायला मीच सांगितलं होतं: इटरेटरला इनपुटऐवजी (एकदाच वाचता येणारा) फॉरवर्ड टॅग, म्हणजे प्रकार सांगणारी खूण, लावला होता, तेवढाच भाव खायला. फॉरवर्ड म्हटलं की त्याच वाटेने पुन्हा जाता यायला हवं. त्या भरवशावर व्हेक्टर आधी डिस्टन्स (एकूण घटक किती ते) काढतो, मेमरी एकदाच घेतो, मग पहिल्यापासून कॉपी करतो. इथे मोजण्यातच स्ट्रीम, म्हणजे फाइलीतून येणारा ओघ, संपली. सुरुवातीच्या इटरेटरने पहिली ओळ स्वतःजवळ ठेवलेली, तेवढी मिळाली. पुढच्या ++ला (एक घर पुढे सरकताना) थेट शेवट. इनपुट इटरेटरच्या एका प्रतीवर ++ केलं की बाकीच्या प्रती बाद, ते हे.

टॅग बदलून इनपुट केला. आता व्हेक्टर एकेक ओळ जोडत, लागेल तशी मेमरी वाढवत जातो, पण सातही येतात.

मग सी++२० चा इनपुट इटरेटर कन्सेप्ट (प्रकाराने पाळायच्या अटींची यादी) स्टॅटिक असर्टमध्ये, म्हणजे कंपाइल होतानाच्या तपासणीत, घातला आणि आपटलो. भल्यामोठ्या एररच्या तळाशी कारण एवढंच, की चालू ओळ देणाऱ्या * ऑपरेटरला कॉन्स्ट (इटरेटर न बदलण्याची हमी) नव्हता. जुना टॅग हे कधीच बोलला नसता. कन्सेप्टलाही सगळं कळतं असं नाही म्हणा! कॉन्स्ट लावून, मुद्दाम पुन्हा फॉरवर्ड टॅग ठेवून फॉरवर्डचा कन्सेप्ट तपासला, तर बिनतक्रार पास. वाट खरंच पुन्हा चालता येते का, हे कंपाइलरला दिसत नाही.

नव्या इनपुट कन्सेप्टला पोस्ट-इन्क्रिमेंटने (इटरेटरमागे लिहिलेल्या ++ने) काही परत दिलंच पाहिजे असं नाही, म्हणून ते व्हॉइड, म्हणजे काहीच परत न देणारं, केलं. इटरेटरची आपापसातली == तुलनाही काढली, शेवटाला डिफॉल्ट सेंटिनल (नुसती शेवटाची खूण). किंमत अशी, की व्हेक्टरचा तो जुना कन्स्ट्रक्टर आता चालत नाही; रेंजेस या लायब्ररीतला कॉपी आणि (व्हेक्टरच्या शेवटी जोडत जाणारा) बॅक इन्सर्टर वापरतोय.

सर्वांत लांब ओळ शोधायला रेंजेसचा मॅक्स-एलिमेंट लावला, त्याने नकार दिला. बरोबरच आहे, त्याला मोठ्या ओळीची जागा धरून पुढे जायचं असतं. नुसता मॅक्स मात्र ओळीची प्रत ठेवतो, तो चालला.