पौर्णिमेच्या रात्रीची ओहोटी

बेळगावातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधन करते. गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांची किशोर कादंबरी हाती आली: वेंगुर्ल्याजवळचे एक कल्पित बेट, तिथे रात्री दिसणारा गिऱ्हा, म्हणजे पाण्यातले भूत, आणि सुट्टीत त्याचा माग काढायला निघालेली शहापूरची तीन मुले.

पहिल्याच पानावर गिऱ्ह्याचा ‘गिर्हा’ झाला होता. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अर्धा र निखळतो आणि त्याच्या जागी रफार चढतो. ‘किनाऱ्यावरच्या वाऱ्याने’ हे ‘किनार्यावरच्या वार्याने’ होऊन बसते. आमच्या ऑपरेटरने मला न विचारता सगळे ‘र्य’ एका फटक्यात बदलले, तेव्हा ‘सूऱ्य’ उगवला आणि मुलांचे ‘धैऱ्य’ खचले. त्याला मराठी येत नाही असे नाही. वाचण्याचा कंटाळा आहे.

ते दोन दिवसांत निस्तरले. घोडे अडले नवव्या प्रकरणात. पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटीने उघडी पडलेली वाळूची पट्टी तुडवत मुले बेटाकडे जातात आणि ओल्या वाळूवर त्यांच्या तीन सावल्यांशेजारी चौथी पडते. वाचताना अंगावर काटा आला. पण माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आजोबांनी बोटांवर मोजून शिकवलेले. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री ती पट्टी पाण्याखालीच असणार. मालक म्हणाले, “अहो बाई, पोरं काय पंचांग घेऊन बसतात होय वाचायला?” किनाऱ्यावरच्या पोरांना त्यासाठी पंचांग लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

मी सरांना फोन करून वद्य अष्टमी सुचवली. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती आणि सहा तासांनी, मध्यरात्री, ओहोटी. चंद्रही त्याच सुमारास सह्याद्रीमागून वर येणार, म्हणजे लांबलचक सावल्या थेट बेटाकडे धावतील. सर इतके खूश झाले, की त्यांनी त्याच रात्री प्रकरण नव्याने लिहून पाठवले.

त्या प्रकरणाच्या पानांचा फर्मा छापून झाल्यावर मला आठवले, की अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी. उधाणाच्या दिवसांसारखे पाणी तेव्हा मागे हटत नाही, मग पट्टी उघडी पडणार कशी? पौर्णिमा तशीच ठेवून मध्यरात्रीऐवजी पहाटेचे पाच केले असते, तर पाणी पुरते ओसरले असते आणि मावळतीच्या चंद्राने चारही सावल्या गावाच्या दिशेने टाकल्या असत्या. बांधणी सोमवारी सुरू होणार आहे आणि सरांना मी हे अजून सांगितलेले नाही.