चोपडीत नसलेल्या लेकी

आमच्या शाळेच्या कपाटात एक जुनं जनरल रजिस्टर आहे. शिलाई उसवलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या, पण अक्षर अजून ठळक. खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावची ही सरकारी मराठी शाळा. रजिस्टरातली पहिली नावं लिहिली गेली तेव्हा गाव मुंबई इलाख्यात होतं. पुढं मुंबई राज्य आलं, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य आणि १९७३ पासून कर्नाटक. गाव आपलं जागच्या जागीच.

त्या रजिस्टरातला शेवटचा रकाना मी कितीदा तरी वाचत बसते. 'शाळा सोडण्याचे कारण'. गुरे राखणेस. परगावी गेला. सतत गैरहजर. मयत. मुलींच्या ओळींत बहुतेक ठिकाणी घरकाम नाहीतर लग्न. (जन्मतारखांवर मात्र विसंबू नये. गावातली निम्मी म्हातारी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत, कारण नाव घालताना गुरुजी अंदाजानं वय धरून तीच तारीख टाकायचे.)

यंदा सुगी आटोपल्यावर चौथीच्या मुलांना सांगितलं, घरी विचारून चार पिढ्यांची नावं लिहून आणा. बाप्यांची आणा, बायकांचीही आणा. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे सगळे बाप्ये वहीत आले. बायकांच्या जागी 'आक्का', 'थोरली आई', नाहीतर कोरी जागा. एका मुलीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'पणजीचे नाव आजोबांना आठवत नाही.' हे आजोबा म्हणजे त्या पणजीचा पोटचा मुलगा!

त्याच सुमारास गावात हेळवी आले. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हेळवी माहीत नसतील. पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेल्या गावांत ते सुगीनंतर बैल घेऊन येतात, दारात उभं राहून त्या घराची वंशावळ म्हणतात. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, इथं पहिला कोण आला, त्याला मुलगे किती, त्या मुलग्यांना मुलगे किती. घरात नवा मुलगा जन्मला असेल तर त्याचं नाव चोपडीत चढतं. मोबदला म्हणून भात, कापड, पैसे मिळतात. म्हणणी कानडी वळणाची, मध्येमध्ये मराठी. चोपडीत मराठ्याच्या घराला लागून लिंगायताचं घर येतं, आणि दोघांनाही ते त्याच आदरानं म्हणतात. सीमाभागात राहून मला याचं फार मोल वाटतं.

मी त्यांना शाळेत बोलावलं. शनिवारची सकाळची शाळा. व्हरांड्यात सतरंजी घातली, मुलांबरोबर घरची म्हातारी माणसंही आली. आमच्याकडं प्रत्येक गल्लीत एखादा तरी मराठा लाइट इन्फंट्रीचा पेन्शनर निघतो, पलटणीचं केंद्रच बेळगावात. तसे एक फौजी आजोबा पुढंच खुर्ची टाकून बसले.

हेळव्यांनी चौथीतल्या एका मुलाचं घराणं म्हणायला घेतलं. एका पिढीत चार भाऊ आले आणि तिघांच्या नावापुढं वंश थांबला. तिघांचाही एकाच सुमारास. मुलं बुचकळ्यात पडली. फौजी आजोबा म्हणाले, "मानमोडी." १९१८ची ती इन्फ्लुएंझाची साथ. बेळगावात प्लेगच्या आठवणी जास्त निघतात, पण मानमोडीनं घरंच्या घरं बसवली. वडलांनी सांगितलेलं त्यांना पाठ होतं: सकाळी एकाला पोचवून यायचं, संध्याकाळी दुसऱ्याची तयारी. चौथा भाऊ तेव्हा पाळण्यातला, तो तेवढा वाचला. त्याच्या नावावर हेळव्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "निपुत्रिक."

"खोटं हाय त्ये."

खांबाला टेकून एक आजी बसल्या होत्या, तोवर तोंडातून शब्द काढला नव्हता. "दोन लेकी व्हत्या त्येला. थोरली माज्यासंगं शाळंला यायची."

हेळवी रागावले नाहीत. "आज्जी, लेक दिल्या घरची. आमच्या चोपडीत लेकी चढवत न्हाईत," एवढंच म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते खरंही होतं.

मी उठून रजिस्टर आणलं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांची पानं उलटत गेले आणि ती सापडली. तिचं नाव, बापाचं नाव चोपडीतल्याशी जुळणारं, इयत्ता दुसरी. कारण: 'आई मयत, घरकामास'. आजींना ओळ दाखवली. त्यांचं बोट तिथून दोन ओळी खाली घसरलं, कारण तिथं त्यांचंच नाव होतं, माहेरचं. ते नाव उच्चारून मी वाचलं तेव्हा त्यांची नातसून चकित होऊन म्हणाली, "आत्ती, तुमचं नाव ह्ये व्हतं?"

मग आजी बोलत्या झाल्या. धाकटी लहानपणीच तापानं गेली. थोरली चंदगडकडं दिली. लग्न झालं तेव्हा चंदगड आमच्या बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. बाप एका राज्यात, लेक दुसऱ्या. सीमाप्रश्नावर इतकी भाषणं ऐकली, पण हद्द अशी एका घराच्या आत घुसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तरी ती पंचमीला यायची. बाप गेला, घराला कुलूप लागलं, जमीन भाऊबंद कसू लागले, आणि पुढं तिला न्यायला कुणी गेलं नाही.

इथं त्या मुलाचे चुलते उभे राहिले. "बाई, ह्ये समदं लिवून ठेवतासा. उद्या कोन जमीन मागाय आलं म्हंजे?"

व्हरांड्यात एकदम शांतता. मला त्यांचा राग आला नाही. जमीन त्यांच्याकडं आली ती तो माणूस निपुत्रिक ठरला म्हणून, आणि तीन पिढ्या त्यांनी ती राबून कसली आहे. पण लेकींचा प्रश्न काही आजचा नाही. मुलींना वारस धरणारा हिंदू वारसा कायदा १९५६चाच. कर्नाटकानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. मी म्हटलं, "काका, पोरांच्या वहीनं कुणाचा उतारा बदलत नाही. आणि कुणाचा हक्क असलाच, तर नाव न लिहिल्यानं तो बुडतही नाही." त्यांना ते पटलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यांची आई मागं बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "लिवा बाई. माज्या पैल्या बाळतपनाला तीच आलती, चंदगडास्नं. ह्येला पैल्यांदा न्हाऊ तिनंच घातलं." चुलते काही न बोलता खाली बसले.

त्यानंतर मला काही विचारावंच लागलं नाही. बायका एकमेकींना आठवण देत होत्या: अमकीची सासू, ती नंदगडची, तमकीची आई हलशीची, तिचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. दोन्ही नावं लिहा म्हणून मुलांना सांगितलं. पुरुषांच्या आठवणी शेतावरून, पलटणीवरून आणि गोव्यातल्या कामावरून चालत होत्या. बायकांच्या बाळंतपणांवरून आणि कोण कुणाच्या आजारपणात धावून आलं त्यावरून. गावाचं नातं-गोतं कसं विणलेलं आहे ते मला या दुसऱ्या आठवणींतून जास्त कळलं. ज्या मुलीनं 'आठवत नाही' लिहिलं होतं, तिच्या पणजीचं नाव गल्लीतल्या तिघींनी एकदम सांगितलं. आजोबा मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी नातीकडून वही मागून घेतली आणि ते नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.

हेळवी जायला निघाले तेव्हा त्यांनी त्या दोन बहिणींची नावं मला पुन्हा म्हणायला लावली. चोपडी उघडली नाही. म्हणाले, "लिवायचा रिवाज न्हाई. पन म्हनताना म्हनीन."

नावं मी इथं देत नाही. चुलत्यांनी तशी विनंती केली आहे, आणि त्यांचं म्हणणं मी मोडणार नाही. शाळेच्या वहीत ती आहेत. चंदगडकडच्या त्या गावातल्या शाळेला परवा पत्र टाकलं, की थोरलीची मुलं तुमच्याकडंच शिकली असणार, तेवढं रजिस्टर पाहा. जुन्या रजिस्टरांत आईच्या नावाला रकाना नसायचा, तेव्हा रजिस्टरात काही मिळालं नाही तर गावातल्या जाणत्या बायकांना विचारा, असंही खाली लिहिलं आहे.